वर्षभर कपाटात पडून राहणाऱ्या एका तारेचा रिव्ह्यू

वस्तूचं नाव स्नेअर. मांडीच्या शिरेतून आत सरकवत हृदयापर्यंत न्यायचा आणि तिथे अडकलेला तुकडा पकडून बाहेर ओढायचा तारेचा फास. एकदा पाकीट फोडलं की वापरून फेकायचा. वापर अगदी क्वचित. किंमत एवढी, की पर्चेसच्या साहेबांच्या कपाळावर आठी चढते. माझं मत आधीच सांगून टाकते: जिथे कॅथ लॅब, म्हणजे शिरेतून नळी नेऊन हृदयावर उपचार करायची खोली, आहे तिथे हा फास कपाटात हवाच, आणि तोही तारीख न उलटलेला.

मी कॅथ लॅब टेक्निशियन. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत होते, नोकरी जळगावात एका खासगी हॉस्पिटलात. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे पर्चेस विभागाविषयी चार शब्द येणार आहेत आणि पगार तिथूनच निघतो. टेबलाशी उभे असतात ते डॉक्टर. मी सामान काढून देते, मॉनिटरवर ठोके नि प्रेशर बघते, आणि कपाटात काय आहे, काय संपलं, कशाची तारीख जवळ आली हा हिशोब माझ्याकडे. त्यामुळे हा रिव्ह्यू डॉक्टरांच्या बाजूचा नाही, कपाटाच्या बाजूचा आहे असं समजा.

हृदयात परकी वस्तू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदुकीची गोळी येते, नाहीतर गिळलेली सुई. तसलंही होतं. पण आमच्या टेबलावर जे येतं ते बहुतेक वेळा आमच्याच लोकांनी, उपचार करताना, शरीरात घातलेलं असतं. केमोचं औषध द्यायला कातडीखाली बसवलेल्या पोर्टची नळी तुटते. मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे औषधासाठीची लांब नळी, घालताना ती जिच्यावरून सरकवतात ती वायर हातातून सुटते आणि अख्खी आत जाते. डायलिसिसच्या नळीचा तुकडा सुटतो. साध्या सलाईनच्या कॅन्युलाचं टोकसुद्धा कापलं जातं: शीर सापडली नाही म्हणून बाहेर काढलेली सुई पुन्हा त्याच प्लास्टिकच्या नळीत घातली, की ती नळी आतून चिरली जाऊ शकते. म्हणून सुई परत घालायची नसते, नवा कॅन्युला घ्यायचा असतो. हे शिकवतात सगळ्यांना, पाळतात किती ते विचारू नका.

शिरेत सुटलेला तुकडा कुठे जातो हे रक्तच ठरवतं. शिरांमधलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसाकडे जातं. त्यामुळे हाताच्या, मानेच्या किंवा पायाच्या शिरेतून निसटलेली वस्तू उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), उजव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) नाहीतर फुप्फुसाच्या धमनीत सापडते. धमनीत सुटलेला तुकडा उलट दिशेनं, म्हणजे हातापायांकडे किंवा मेंदूकडे, निघतो. ते प्रकरण वेगळं आणि जास्त घाईचं. कॅन्युला तुटल्याचं लगेच लक्षात आलं तर दंडाला वर पट्टा आवळून तुकडा तिथेच अडवायचा नि एक्स-रे काढायचा. एकदा तो खांद्याच्या पुढे गेला की मग आमची पाळी.

चोपड्याकडच्या एक शिक्षिका आठवतात. स्तनाच्या कॅन्सरची केमो पूर्ण झाली होती, पण कॉलरबोनच्या खाली कातडीत बसवलेला पोर्ट अजून काढलेला नव्हता. तो अधूनमधून फ्लश करावा लागतो, म्हणजे आत औषधाचं पाणी सोडून नळी मोकळी ठेवायची. त्यांचं पाणी आधी कधी जायचं, कधी अडायचं. हात वर केला की जायचं, खाली घेतला की अडायचं. फळ्यावर लिहायला हात वर करावा तशी बाई आपण होऊन हात वर करायच्या, त्यामुळे नर्सचं काम भागून जायचं आणि पुढे कुणी बघितलं नाही. खरं तर ती खूण होती. नळी कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या सापटीतून गेलेली असली, की प्रत्येक हालचालीला ती त्या दोन हाडांत चिमटते. महिनोन् महिने चिमटत राहिली की झिजते आणि एक दिवस तुटते. नळी मानेच्या शिरेतून घातली तर ही सापट मधे येतच नाही. म्हणून बरेच डॉक्टर आता तो रस्ता पसंत करतात.

त्या दिवशी पाणी अजिबात जाईना, उलट कातडीखाली फुगा आला. एक्स-रे काढला तर पोर्टला बोटाएवढं खोडकं लटकलेलं आणि बाकीची नळी हृदयाच्या सावलीत वाकडी होऊन बसलेली. बाईंना काही त्रास नव्हता. छातीत दुखत नव्हतं, धाप नव्हती, त्या आदल्या दिवशीपर्यंत शाळेत जात होत्या. हे नेहमीचंच. पुष्कळ तुकडे काही न बोलता बसून राहतात. पण म्हणून ते तसेच ठेवायचे नसतात. त्यांच्यावर रक्ताच्या गुठळ्या धरतात, जंतू बसले तर ताप नि हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होतो, भिंतीला टोचत राहिले तर ठोके बिघडतात, आणि क्वचित भिंतीला भोकही पडतं.

आता वस्तूकडे येते.

पाकिटात तीन गोष्टी असतात: टोकाला गोल फास असलेली एक लांब पातळ तार, एक पोकळ नळी, जिच्यातून ही तार जाते, आणि तार फिरवायला एक चिमुकला पकडदांडा, त्याला आम्ही टॉर्कर म्हणतो. फास नळीच्या आत असेपर्यंत मिटून सरळ असतो. नळीबाहेर ढकलला की उघडतो आणि तारेशी काटकोनात उभा राहतो. या काटकोनातच सगळी करामत आहे. रक्तवाहिनी म्हणजे एक नळीच, आणि तिच्यात असा आडवा उभा राहिलेला फास जवळपास अख्खी वाट अडवतो. त्यामुळे वाहिनीत तरंगणारं तुकड्याचं टोक फासाच्या आत यायची शक्यता पुष्कळ वाढते. फासाचा आकार वाहिनीच्या रुंदीला जुळता घ्यायचा हा नियम त्यातूनच आला.

तार नायटिनॉलची, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची. तो १९६० च्या आगेमागे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती लागला. त्याचा गुण असा की बराच दुमडला तरी मोकळा सोडला की दिलेल्या आकाराला परत येतो. स्टीलची तार एकदा मुरगळली की मुरगळलीच. आणि फासावर, जळगावकरांनो ऐका, सोन्याचा मुलामा असतो. टंगस्टनच्या बारीक वेटोळ्यावर सोनं चढवलेलं असतं, कारण ते एक्स-रेच्या पडद्यावर ठळक काळं दिसतं आणि नुसतं नायटिनॉल पुसटसं दिसतं. सराफ बाजारातल्या माणसाला दाखवलं तर तो हसेल इतकं ते कमी, पण अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तो काळाभोर गोल उमटतो तेव्हा त्याची किंमत कळते.

बाईंच्या वेळी सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, जांघेत भूल दिली, शिरेत शीथ बसवली. शीथ म्हणजे आतबाहेर करायचं दार. आधी पिगटेल नावाची टोकाशी वळलेली नळी वर नेली, कारण तुकड्याची दोन्ही टोकं भिंतीला टेकून बसली होती आणि फासाला धरायला मोकळं टोक लागतं. पिगटेलनं नळीचा मधला भाग धरून हळूच खाली ओढला, एक टोक सुटून महाशिरेत आलं. मग स्नेअर. फास उघडला, टोकाच्या पलीकडे नेला, मागे आणला, टोक आत आलं. इथे नवखी माणसं एक गोष्ट हटकून करतात: फास आवळायला तार मागे ओढतात. तार ओढली की फास तुकड्यावरून घसरून निसटतो. तार जिथल्या तिथे धरायची आणि बाहेरची नळी पुढे ढकलायची, म्हणजे फास जागेवरच आवळला जातो. आमचे सर नव्या डॉक्टरांना हे सांगतात तेव्हा आवाज चढवतात, एरवी कधी चढवत नाहीत.

तुकडा हृदयातून सरकत असताना मी मॉनिटरवर डोळे लावून असते. जवनिकेच्या भिंतीला काही घासलं की जादा ठोके पडतात, कधी चारपाच सलग. मी आकडा मोठ्यानं सांगते, सर हात थांबवतात. बाईंना चारदोन पडले आणि थांबले. नळी शीथपर्यंत आली, शीथसकट बाहेर निघाली. लगेच ट्रेवर पोर्टचं खोडकं आणि तुकडा शेजारी ठेवून लांबी जुळवली. आत काही राहिलं का हे बघायचा तोच खरा मार्ग. बाईंनी विचारलं, "एवढंच होतं?" मग पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायला लागलं याचाच त्यांना जास्त कंटाळा आला.

सुटसुटीत केस कशी असते ते हे. आता रिव्ह्यूमधला दुसरा भाग, म्हणजे वस्तू नसते तेव्हा काय होतं.

पारोळ्याकडचा एक शेतकरी, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला. दुसरीकडे आयसीयूत होता. तिथे धावपळीत मानेत सेंट्रल लाइन घातली आणि वायर आत राहिली. दुसऱ्या एक्स-रेला कुणाच्या तरी लक्षात आलं: मानेपासून पोटापर्यंत एक बारीक रेघ. माणूस तोवर शुद्धीवर आलेला. रात्री उशिरा आमच्याकडे आणला. टेबलावर घेताना माझ्याकडे बघून म्हणाला, "माय, मना काळीजमा वायर शे का वं?" मी म्हटलं, "शे बाबा, आते काढी टाकतस." आणि कपाट उघडलं.

कपाटात स्नेअर होता. तारीख उलटून गेलेली होती. बदली मागवायचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, मी आधीच टाकला होता. त्यावर "वापर नाही, गरज तपासा" असा शेरा मारून तो परत आलेला. तारीख उलटलेलं निर्जंतुक सामान आम्ही माणसाच्या हृदयात घालत नाही, त्यात चर्चा नाही. नाशिकहून मागवायचा तर जळगावहून अडीचशे किलोमीटर, मधे राहूडचा घाट. संभाजीनगरहून मागवायचा तर अजिंठ्याचा घाट. रात्री डीलरचा माणूस फोन उचलेल तेव्हा.

सरांनी जुनी युक्ती काढली. ३०० सेंटिमीटरची लांब वायर मधोमध दुमडायची, दुमडलेलं टोक नळीतून पुढे सारायचं, बाहेर येईल तो फास. स्नेअर तयार मिळायच्या आधी सगळे हेच करत असत. चालतं, पण हा फास नळीच्या सरळ रेषेत उघडतो, काटकोनात उभा राहत नाही, आकार त्याच्या मर्जीचा, आणि पडद्यावर अर्धा वेळ तो नेमका कुठे आहे हेच कळत नाही. वायर निघाली. पण त्याला फार वेळ गेला, आणि तो सगळा वेळ रुग्णाच्या अंगावर नि आमच्या शिशाच्या एप्रनवर एक्स-रे पडत राहिले. काटकोनातला फास असता तर पोटातल्या महाशिरेत वायरचं खालचं टोक मोकळं लोंबत होतं, ते पहिल्यादुसऱ्या फेरीतच हाती आलं असतं. हे सरांचं मत, आणि पडद्यावर मीही तेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी पर्चेसला गेले. साहेब माणूस वाईट नाही. त्यांचा हिशोब सरळ आहे: वर्षात कधीतरी लागणारी वस्तू आणायची, ती वापराविना एक्स्पायर होणार, ऑडिटला उत्तर द्यावं लागणार. मी म्हटलं, आमच्या आजोळी गल्लीत विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ एकाच घरी असायचा. वर्षभर खुंटीला टांगलेला. बादली कुणाचीही पडो, पोर पळत त्या घरी जायचं, आणि त्या घरानं कधी गळ भंगारात घातला नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, गळाला एक्स्पायरी नसते." बरोबर आहे, नसते. पण एक्स्पायरीवर इलाज आहे, आणि तो या धंद्यात रोज वापरात आहे: कन्साइनमेंट. डीलर आपला माल हॉस्पिटलच्या कपाटात ठेवतो, फोडला तरच बिल लागतं, तारीख जवळ आली की तो उचलून जास्त काम असलेल्या लॅबला देतो. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) आणि बलून (ती जाळी फुलवायचा फुगा) आम्ही असेच ठेवतो. स्नेअर का नाही, याला "कुणी मागितला नाही" एवढंच उत्तर होतं.

गल्लीच्या गळाचं दुसरं अंगही आम्ही उचललं. आसपासच्या लॅबच्या टेक्निशियननी मिळून मोबाईलवर एक यादी ठेवली आहे: कुणाकडे कुठल्या मापाचा आहे, तारीख कोणती. रात्री लागला तर मोटरसायकलवर आणायचा, नंतर नवा देऊन फिटंफाट. धुळ्याचं अंतर नव्वदेक किलोमीटर आहे, नाशिकच्या मानानं ते घरचंच. यात मालकांना विचारलं का? विचारलं, पण नंतर.

मापांविषयी थोडं, कारण खरेदी करणारे कुणी वाचत असतील तर त्यांना हाच भाग कामाचा. एका वेढ्याचे स्नेअर ५ मिमीपासून ३५ मिमीपर्यंत मिळतात, बारीक तारेचे २, ४ आणि ७ मिमीचे वेगळे. बारीक मापं हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांसाठी, म्हणजे बलूनवरून स्टेंट घसरून भलतीकडे राहिला तर. स्टेंट पूर्वी टेबलावरच हातानं बलूनवर चढवायचे तेव्हा हे जास्त व्हायचं. आता ते कारखान्यातूनच चढवून येतात, त्यामुळे कमी झालंय, पण संपलेलं नाही. दुसरा प्रकार तीन वेढ्यांचा. त्यात तीन फास पाकळ्यांसारखे एकत्र उघडतात आणि माप एका आकड्यात नसून पल्ल्यात असतं, उदाहरणार्थ १८ ते ३० मिमी. उजव्या कर्णिकेसारख्या मोकळ्या जागेत, जिथे तुकडा ठोक्यागणिक नाचत असतो, तिथे मला तीन वेढ्यांचा आवडतो. एकाला हुकलं तर दुसऱ्याला लागतं. फुप्फुसाच्या धमनीच्या फांदीत किंवा महाशिरेत, जिथे वाट नळीसारखी आहे, तिथे एका वेढ्याचा जास्त अचूक चालतो. एकच घ्यायची परवानगी असेल तर माझं मत तीन वेढ्यांच्या मोठ्या मापाला. दोन घेता आले तर सोबत १० किंवा १५ मिमीचा एक वेढ्याचा. आणि शीथ मोठी ठेवा. तुकडा मधोमध पकडला गेला तर दुहेरी होऊन येतो आणि लहान शीथच्या तोंडाशी अडतो. शीथ आणि नळ्यांची जाडी ज्यात मोजतात त्या फ्रेंच मापात एक आकडा म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, हे लक्षात ठेवून हिशोब केला की कळतं.

या वस्तूला इतिहासही आहे, आणि तो वस्तूइतक्याच लांबलचक रस्त्यानं आलेला. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून घेतला. आज आपण मांडीतून शिरतो, पण शिरेतून हृदयात जायची रीत हीच. त्याला १९५६ साली नोबेल मिळालं, मधली वर्षं बहुतेकांनी त्याला वेड्यातच काढलं. दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्केन या अमेरिकी सर्जननं इंग्लंडमधल्या लष्करी इस्पितळात सैनिकांच्या हृदयातून आणि मोठ्या रक्तवाहिन्यांजवळून १३४ गोळ्या नि बॉम्बचे तुकडे काढले, आणि त्यात एकही माणूस दगावला नाही. तो छाती उघडून हाताने काढत होता. हृदयाला हात लावायचा नसतो अशी तोवर बहुतेक सर्जनांची समजूत होती, ती या आकड्यानं मोडली. छाती न उघडता, शिरेतून चिमटा नेऊन, तुटलेल्या वायरचा तुकडा काढल्याची पहिली नोंद १९६४ ची आहे. आणि काटकोनातला हा फास मिनेसोटा विद्यापीठातल्या कुर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांच्या नावानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. म्हणजे आमच्या लॅबमधल्या सगळ्यात तरुण सिस्टरपेक्षा मोठाच.

आता तो काय करू शकत नाही ते. सेल्समन हे सांगत नाहीत.

तुकडा आत फार जुना झाला असेल तर त्याच्यावर अस्तर चढून तो भिंतीला चिकटतो. ओढला तर भिंतही येईल. अशा वेळी सर दोनदा हलकेच ओढून बघतात आणि सोडून देतात. मग सर्जनशी बोलणं, नाहीतर तसाच ठेवून लक्ष ठेवणं. मणक्यात भरलेलं हाडाचं सिमेंट शिरेतून वाहत हृदयात गेलं तर त्याचा टोकदार कडक तुकडा होतो, तिथेही फास बेतानंच. आणि बाहेरून भिंत भेदून घुसलेल्या वस्तूला, म्हणजे एमआयडीसीत लेथवरून किंवा हातोड्याखालून उडालेली लोखंडाची कपची, शिवणाची सुई, खांद्याच्या हाडात घातलेली नि सरकत सरकत छातीत आलेली तार, यांना स्नेअर लावायचा नसतो. ती वस्तू स्वतःच भोकाला बूच बनून बसलेली असते. उपसली की रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचतं, आणि दीडशे-दोनशे मिलिलीटर जरी झपाट्यानं साचलं तरी हृदय दाबलं जाऊन बंद पडू शकतं. ते काम छाती उघडून, सर्जनच्या हातचं. म्हणूनच छातीत काही घुसलेला माणूस आणताना ते जागेवरच उपटू नका, हलणार नाही असं कापडानं टेकवून आणा. एकदा एका भल्या माणसानं जखमीच्या छातीत घुसलेली आरी उपटून, स्वच्छ धुऊन वेगळ्या पिशवीत आणली होती. हेतू चांगला होता.

धातूचा तुकडा आत असल्याचा संशय असेल तर एमआरआयला हो म्हणू नका, आधी साधा एक्स-रे. तेवढ्यात बहुतेक वेळा काम भागतं. बाकी इको आणि सीटी डॉक्टर ठरवतील.

बिलाविषयी. स्टेंटची किंमत लोक आता बरोबर ओळखतात. २०१७ साली सरकारनं कमाल किमती ठरवल्या, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये, तेव्हापासून नातेवाईक पाकिटावरचा आकडा वाचतात. स्नेअरची ओळ बिलावर दिसली की मात्र विचारतात, ताई हे काय नवीन? विचारावंच. पाकीट मागून बघा, त्यावरचं माप आणि तारीख वाचा, बिलाला लावलेलं स्टिकर तेच आहे का ते पाहा. महात्मा फुले योजनेत तुमची केस बसते का हे काउंटरवरच्या आरोग्यमित्राला प्रोसिजरच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि काढलेला तुकडा दाखवायला सांगा, लांबी जुळली का ते विचारा, डिस्चार्ज कार्डावर "तुकडा पूर्ण काढला" असं लिहून घ्या. दहा वर्षांनी कुणी एक्स-रेवर काही बघून घाबरवलं तर ती ओळ उपयोगी पडते. पोर्ट असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवा: हात वर केल्यावरच पाणी जातंय असं झालं तर नर्सला ते कार्डावर लिहायला लावा आणि एक्स-रे मागा.

गुण द्यायचेच तर पाचपैकी साडेचार. फासाला, तारेला, सोन्याच्या त्या वळ्याला पूर्ण गुण. अर्धा कापला तो टॉर्करसाठी. ओल्या हातमोज्यात तो घसरतो, रक्त लागलं की जास्तच घसरतो, आणि नेमका तेव्हाच तार पाव वळसा फिरवायची असते. आमचे सर त्याच्यावर गॉझचा तुकडा गुंडाळून घेतात. तो गॉझ मी आता स्नेअरचं पाकीट उघडायच्या आधीच कापून ठेवते.